गंजातला शिक्का

मेस्त्री, तुमची बॅग मी भरली.

तुमच्या खोलीतल्या सुधीरचा फोन आला तेव्हा मी सालमियात घरी जेवायला बसत होतो. तो म्हणाला, "साहेब, मेस्त्री गेले. लेथवरच. दहाचा चहा घेतला, परत मशीनवर गेले, जरा दम लागतोय म्हणून खाली बसले, ते बसलेच." पुढचे पाच दिवस तुमच्या कंपनीच्या मंदूबबरोबर, म्हणजे कागदपत्रं करणाऱ्या माणसाबरोबर, मी शवागार, भारतीय दूतावास आणि कार्गोच्या खिडक्या हिंडलो. प्रत्येक फॉर्मवर एक रकाना होता : मृताशी नातं. प्रत्येक ठिकाणी मी 'मित्र' असं लिहिलं. पहिल्यांदा पेन अडलं. तिसऱ्या फॉर्मवर अडलं नाही. खोट्याला माणूस किती लवकर सरावतो, हे तुमच्या बाबतीत मला दुसऱ्यांदा कळलं.

अम्गऱ्यातल्या, म्हणजे शहराबाहेरच्या वर्कशॉपांच्या वस्तीतल्या, तुमच्या खोलीत तुमच्या वाट्याला एक पलंग आणि अर्धं कपाट होतं. चार शर्ट, दोन पँटी, मालवणी मसाल्याची तळाला गेलेली बरणी, गणपतीचा फ्रेममधला फोटो, मऊ कापडात गुंडाळलेला मायक्रोमीटर. सगळ्यात खाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत, माझं पुस्तक. मी लिहिलेलं, माझं नाव असलेलं. मी ते उचललं तसं सुधीर म्हणाला, "ते मी त्यांना वाचून दाखवलं होतं, साहेब. तुम्ही आणून दिलंत त्याच दिवशी. खूण केलेली ओळ मराठीत करून सांगितली."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, घरी सांगू नको."

मी तुमच्या पलंगावर बसलो. सुधीर माझ्याकडे बघत नव्हता, खिडकीबाहेर भंगाराच्या ढिगाकडे बघत होता. त्याचे उपकारच म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी वहिनींचा कुडाळहून फोन आला. आवाज रडून बसलेला, पण बोलणं नेमकं. "साहेब, ता पुस्तक पाठवशात ना? तेराव्याक माणसां येतली. फोटोकडे ठेवूचा आसा. तेच्यात ह्येंच्याबद्दल लिवलेला आसा म्हणान हे सांगी होते." पाठवतो म्हणालो. बॅग तुमच्याबरोबर विमानात गेली, पण त्याआधी तिच्यातून ते पुस्तक मी काढून घेतलं होतं. तुमची मोठी मुलगी मनाली बी.एड. झालेली आहे. ती इंग्रजी वाचते. ती ओळ ती सगळ्यांसमोर वाचेल या भीतीने मी मेलेल्या माणसाच्या सामानातून पुस्तक चोरलं, मेस्त्री.

हे तुम्हाला लिहितोय, पण इतर कुणी वाचेल त्याला कळावं म्हणून मागे जावं लागेल. सगळी सुरुवात एका स्क्रूपासून झाली.

देवळाली कॅम्पातलं माझं लहानपण. वडील कारकून. तोफांचे आवाज ऐकत वाढलेल्या पोराला शस्त्रांचं वेड लागतं, तसं मला लागलं, पण ते गोळ्या झाडायचं नव्हतं, जुन्या वस्तू कशा बनवल्या ते शोधायचं होतं. त्यातही एका जातीच्या रिव्हॉल्व्हरांनी मला झपाटलं. आधीची फौजी रिव्हॉल्व्हरं पुढून भरायची असत : सिलिंडरच्या प्रत्येक घरात दारू, गोळी, आणि मागच्या बाजूला तांब्याची टोपी. मग धातूचं काडतूस आलं आणि फौजांकडे ही जुनी हजारो रिव्हॉल्व्हरं पडून राहिली. ती फेकून देण्याऐवजी कारखान्यांनी त्यांचे सिलिंडर मागून कापले, तिथे एक कडी बसवली, बाजूला काडतूस सरकवायला छोटं दार केलं, घोड्याचं नाक बदललं. जुन्या अंगात नवा जीव. अशी बदललेली रिव्हॉल्व्हरं शोधणारे, त्यांचे नंबर आणि शिक्के जुळवणारे संग्राहक जगभर आहेत. मी पगारी इंजिनियर, आखातातल्या परक्या देशात राहणारा. माझ्याकडे असं एकही असणं शक्य नव्हतं. मी फक्त त्यांचे फोटो आणि माहिती जमवत होतो.

अबू खालिद यांच्याकडे मात्र खरी होती. सबाह अल-सालेममध्ये त्यांची दिवानिया, म्हणजे पुरुष पाहुण्यांना बसायची बैठक. फौजेतून निवृत्त झालेले, सत्तरीचे, शिस्तीचे. एका भिंतीला काचेचं कपाट आणि त्यात अकरा रिव्हॉल्व्हरं, सगळी परवान्याची, घरात काडतूस एकही नाही. त्यांच्या मुलाशी माझी कामातून ओळख झाली, माझ्या वेडाबद्दल त्याला कळलं, त्याने मला वडिलांकडे नेलं. अबू खालिद म्हणाले, "याचं पुस्तक करायचंय. तू लिहिशील?" त्या दिवशी गाडी चालवताना मी एकटाच हसत होतो.

त्या अकरांपैकी एकाच्या बाजूच्या दाराचा स्क्रू मोडलेला. आटे जुन्या मापाचे, बाजारात कुठेच मिळणार नाहीत. मोडका तुकडा खिशात घालून मी अम्गऱ्यातली वर्कशॉपं पालथी घालत होतो. पाचव्या की सहाव्या ठिकाणी तुम्ही होतात. तुकडा हातात घेतलात, चष्मा कपाळावर चढवलात, उजेडाकडे धरून फिरवलात.

"कसल्या मशीनचा हा?"

"जुन्या घड्याळाचा," मी म्हणालो. रिव्हॉल्व्हर म्हटलं तर तुम्ही घाबराल असं वाटलं.

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. "घड्याळाचो न्हय ओ ह्यो. हेका धक्के बसलेले आसत."

मग मी खरं सांगितलं, आणि तुम्ही घाबरला नाहीत. म्हणालात, "वस्तू बघितल्याशिवाय स्क्रू नाही करणार." अबू खालिदांची परवानगी काढून पुढच्या शुक्रवारी मी तुम्हाला गाडीत घालून सबाह अल-सालेमला नेलं. तुम्ही इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. दारात चपला काढून भिंतीकडे तोंड करून नीट लावल्यात. तासाभरात अबू खालिद आणि तुम्ही अरबीत बोलत बसला होतात आणि मी मधे गहव्याचा, म्हणजे अरबी कॉफीचा, पेला घेऊन दोघांच्या तोंडाकडे बघत होतो. सव्वीस वर्षं इथे काढलेला माणूस अरबी बोलणारच, हे मला का सुचलं नव्हतं? तुम्हाला फोरमनशी हिंदीत आणि माझ्याशी मराठीत बोलताना ऐकलं होतं, बस्स. आणि त्या दिवशी तुमची अरबी ऐकूनही ती तुम्हाला येते हे मी विसरलो. पुढे हे विसरणं माझ्या उपयोगी पडलं, म्हणून मुद्दाम इथे लिहितोय.

स्क्रू करून बसवून झाला, तरी सव्वा वर्षभर आपण दर शुक्रवारी गेलो. तुमच्याकडून मी जे शिकलो ते कुठल्याही पुस्तकात नव्हतं. बॅटरी आडवी धरून धातूवरून उजेड सरपटत न्यायचा, म्हणजे पुसट झालेल्या खुणा उठून दिसतात. कानशीचे फटके बघून कारागीर उजवा की डावखुरा ते सांगता येतं. आधी बघायचं, मग बराच वेळ काहीच करायचं नाही. हे शेवटचं मला कधी जमलं नाही.

कपाटात खालच्या फळीवर एक रिव्हॉल्व्हर होतं, सगळ्यात गंजलेलं. अबू खालिदांच्या आजोबांनी मुंबईहून गलबतातून आणलेलं. मी त्याला फार किंमत देत नव्हतो. माझ्या मते ते कुठल्यातरी बाजारी लोहाराने घरच्या घरी बदललं होतं, फौजेचं नव्हतंच. तसं म्हटल्यावर अबू खालिदांचा चेहरा उतरला. तुम्ही ते मांडीवर फडकं पसरून त्यावर ठेवलंत आणि अख्खा एक शुक्रवार नुसतं बघितलंत. पुढच्या शुक्रवारी बोललात, आणि उत्साहात आलात की तुम्ही मालवणीवर यायचात.

"साहेब, ह्यां काम एकट्या माणसाचां न्हय. बगा, सिलिंडर कापलेलो आसा तो एका फेरीत, मशीनवर. कडीच्या खाली पत्रो घालून जुळवलेलां नाय, थेट बसलेली आसा. म्हणजे जिगवर, साच्यात धरून केलेली. एकदम शंभर केल्यानी आसतले, तेंतूरलां ह्यां एक."

मी वाद घातला. तुम्ही शांतपणे कडीच्या आतल्या बाजूला आणि दाराखाली भिंग धरायला लावलंत. दोन्हीकडे एकच बारीक नंबर होता. बाजारातला लोहार असे नंबर कशाला घालेल? आणि मग चौकटीच्या डाव्या अंगाला, गंजाच्या पापुद्र्यात, आडव्या उजेडात तुम्ही मला तो शिक्का दाखवलात. छोटा मुकुट, खाली एक अक्षर. फौजेच्या तपासनिसाचा शिक्का. मी अबू खालिदांना हाक मारली. त्यांनी पाहिलं आणि तुमच्या डोक्यावर हात ठेवला. आजोबांची वस्तू खरी निघाली होती. त्या संध्याकाळी गाडीत तुम्ही गुणगुणत होतात.

एक वाद आपला अर्धवटच राहिला. कडीच्या खालच्या काठाला कानशीचा एकच तिरपा छेद होता. तुम्ही म्हणालात, ही त्या कामगाराची खूण. दिवसाला शंभर करणारा माणूस एखाद्यावर तरी आपली खूण ठेवतोच. मी म्हणालो, चुकून कानस लागली असेल. तुम्ही म्हणालात, "चुकून लागलेली कानस अशी सुरू होत नाही आणि अशी संपत नाही." पुस्तकात मी 'अनवधानाने पडलेला छेद' असं लिहिलं. आता मला वाटतं तुमचं बरोबर होतं. हे तुम्हाला सांगायला एक फोन पुरला असता, तोही केला नाही.

आता तो शुक्रवार.

पुस्तकासाठी शिक्क्याचा फोटो हवा होता. मोबाईलवर जो काढला होता तो धूसर आला होता. मी म्हणत होतो, वरचा गंज थोडा काढू, शिक्का स्वच्छ येईल. तुम्ही पहिल्यापासून विरोधात. "साहेब, हात लावू नकात. चांगला कॅमेरा आणा, तिरपा उजेड द्या. गंज काढला तर खाली शिक्का असेल कशावरून? लोखंड खाल्लंय गंजाने. जो आकार आहे तो गंजातच उरलाय." मी यंत्रांची तपासणी करणारा इंजिनियर, गंज म्हणजे काय हे मला एका टर्नरने शिकवायचं, हे मला टोचलं. आज लिहितानाही हे वाक्य नरम करावंसं वाटतंय. नाही करत.

दुपारी अबू खालिद नमाजाला मशिदीत गेले. त्या वेळेला तुम्ही नेहमी अंगणात जाऊन घरी फोन करायचात. तुमचा हसण्याचा आवाज आत येत होता. मी बारीक स्टीलवूलवर, म्हणजे तारेच्या मऊ घासणीवर, तेलाचे दोन थेंब घेतले. मोजून आठ-दहा वेळा फिरवलं असेल. पापुद्रा ओल्या मातीसारखा सुटला. मी फडक्याने पुसलं. खाली करडं, खड्डे पडलेलं लोखंड होतं आणि त्यावर काहीही नव्हतं. मुकुट नाही, अक्षर नाही. मी बॅटरी सगळ्या बाजूंनी फिरवली. तुम्ही म्हणाला होतात अगदी तसं.

अबू खालिद आले तेव्हा माझ्यासमोर ते पडलेलं होतं. त्यांनी चष्मा लावला, वाकून बघितलं, आणि इंग्रजीत विचारलं, "हे कुणी केलं?"

तुम्ही तेवढ्यात दारात आला होतात. फोन खिशात ठेवत होतात.

मी म्हणालो, "मेस्त्रींनी साफ करायचा प्रयत्न केला."

इंग्रजीत म्हणालो. पुढे कित्येक दिवस मी स्वतःला सांगत राहिलो की घाबरून तोंडातून गेलं. पुस्तक जाईल, त्यांचा मुलगा माझ्या कंपनीत वरच्या जागेवर आहे, वगैरे. खरं कारण त्याहून लहान होतं. तुमच्यासमोर मी चूक ठरलो होतो आणि ते मला अबू खालिदांसमोर कबूल करायचं नव्हतं. आणि ज्या भाषेत मी खोटं बोललो ती तुम्हाला येत नाही, एवढा हिशेब त्या एका क्षणात माझ्या डोक्याने केला होता; अरबी तुम्हाला येते, हे सोयीने विसरून. म्हणजे नुसती भीती नव्हती ती.

अबू खालिद तुमच्याकडे वळले. त्यांचा आवाज चढलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. "लेश? लेश?" का, का. पुढे अरबीत बरंच काही. आजोबांचं नाव आलं. तुम्ही आधी टेबलावरच्या रिव्हॉल्व्हरकडे पाहिलंत, मग माझ्या हाताकडे. स्टीलवूल अजून माझ्याच हातात होतं. ते अबू खालिदांच्या बाजूने दिसत नव्हतं, तुमच्या बाजूने दिसत होतं. मग तुम्ही मान खाली घातलीत आणि म्हणालात, "सामिहनी." मला माफ करा.

ते म्हणाले, या माणसाला पुन्हा आणू नकोस.

अम्गऱ्यापर्यंतच्या रस्त्यावर धूळ उठली होती, समोरच्या गाड्यांचे दिवे दुपारीच लागले होते. मी एसी वाढवला, कमी केला. तुम्ही बोलावं म्हणून वाट बघत होतो. शिव्या दिल्या असत्यात तर मला बरं झालं असतं, आणि ते तुम्हाला बहुतेक कळत होतं. वर्कशॉपच्या गल्लीत शिरल्यावर तुम्ही विचारलंत :

"साहेब, पुसण्याआधी नीट बघितलात ना? मुकुटाखालचं अक्षर कुठलं होतं ते लिहून ठेवा. विसराल."

एवढंच. तुम्ही उतरलात, दार हलक्या हाताने लावलंत. मी ते अक्षर लिहून ठेवलं. पुस्तकात ते आहे.

त्यानंतर आपले शुक्रवार संपले. मी एकटा जात राहिलो. दोन वर्षांनी पुस्तक छापून आलं. अबू खालिदांनी स्वतः छापून घेतलं, मोजक्या प्रती, जाड कागद, प्रत्येक रिव्हॉल्व्हरला दोन पानं. आजोबांच्या रिव्हॉल्व्हरचा सगळा पुरावा तुमचा : मशीनची फेरी, जिग, दोन नंबर. तो मी 'लेखकाच्या निरीक्षणानुसार' असा मांडला. आणि खाली लिहिलं : तपासनिसाचा शिक्का एका कामगाराच्या निष्काळजी साफसफाईत नष्ट झाला.

हे मी लिहिलं, मेस्त्री. कुणी सांगितलं नव्हतं. अबू खालिदांनी विषयही काढला नव्हता. एकदा बोललेलं खोटं छापून पक्कं करावं असं मला का वाटलं, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

तुम्हाला कुठून तरी कळलं आणि तुम्ही अभिनंदनाचा फोन केलात. "एक प्रत द्या ओ, आपल्या वर्षभराची आठवण." मी ती घेऊन वर्कशॉपमध्ये आलो. तुम्ही कापसाने बोटं पुसून पानं उलटलीत. ते रिव्हॉल्व्हर आल्यावर थांबलात. फोटोवरून बोट फिरवलंत. मग, लाजत, विचारलंत, "ह्यात मी कुठे आहे का?"

मी 'नाही' म्हणू शकलो असतो. मी त्या ओळीवर बोट ठेवलं. म्हणालो, "हे बघा ना, इथे. 'वर्कमन' लिहिलंय. म्हणजे तुम्हीच."

तुम्ही खिशातून पेन्सिल काढलीत आणि त्या शब्दाखाली, पट्टी लावल्यासारखी सरळ, रेघ ओढलीत. आणि मला चहा पाजलात.

त्या संध्याकाळी सुधीरने तुम्हाला ओळ वाचून दाखवली. तुम्ही पुस्तक पिशवीत घातलंत, घरी कळवलंत की माझ्याबद्दल लिहून आलंय, आणि त्यानंतरच्या दर दिवाळीला मला फोन करत राहिलात. या दिवाळीलाही केलात. मी मीटिंगमध्ये होतो, नंतर करतो म्हणालो.

तुमची शवपेटी विमानात चढल्यावर तीन दिवस पुस्तक माझ्या टेबलावर पडून होतं. एक विचार असा आला की ते पान कापून पाठवावं. दुसरा, हरवलं म्हणून सांगावं. दोन्ही मी खरोखर तोलून पाहिले, हेही तुम्हाला कळू दे. शुक्रवारी सकाळी उठलो आणि सबाह अल-सालेमला गेलो.

अबू खालिद आता काठी घेतात. मला वाटलं होतं त्यांना आठवणार नाही. मी उभ्यानेच सांगितलं, या वेळी माझ्या मोडक्यातोडक्या अरबीत, की तो शिक्का मी घासला, मेस्त्रींनी नाही. आणि ते गेले. त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं. मग बराच वेळ जपमाळेचे मणी सरकवत राहिले.

"तो माझ्या घरी पाहुणा होता," ते म्हणाले. "माझ्या छताखाली मी पाहुण्यावर ओरडलो. तू मला ओरडायला लावलंस."

मी मान हलवली.

"त्याचं नाव काय? पूर्ण."

"गजानन मेस्त्री."

त्यांनी ते दोनदा म्हणून बघितलं. 'गजानन' त्यांच्या जिभेवर अडत होतं. जमेपर्यंत त्यांनी सोडलं नाही. मग उठून आतलं कपाट उघडलं आणि उरलेल्या सगळ्या प्रती माझ्यासमोर आणून ठेवल्या. "छापायचं नाही. हातानं लिही. प्रत्येकात."

मी दुपारभर बसून लिहिलं. ती ओळ खोडली. बाजूला लिहिलं की हा शिक्का मी, या पुस्तकाच्या लेखकाने, गजानन मेस्त्री यांनी नको म्हटलं असताना घासून नष्ट केला आणि दोष त्यांच्यावर ढकलला; हे रिव्हॉल्व्हर फौजी कारखान्यातलं आहे हे त्यांनीच ओळखलं; आणि कडीवरचा छेद ही कामगाराची खूण आहे असं त्यांचं मत होतं. खाली सही. अबू खालिद समोर बसून होते. नमाजाला तेवढे उठले. प्रत्येक प्रत वाचून बाजूला ठेवत होते. शेवटची झाल्यावर त्यांनी माझ्यासाठी गहवा ओतला, मी पिऊन संपवला, आणि ते म्हणाले, "आता तू काही दिवस इथे येऊ नकोस. किती दिवस, ते मी कळवीन."

बरोबर आहे त्यांचं.

तुमची प्रत मी शेवटी लिहिली, घरी येऊन, मराठीतही. पण ती पाठवायच्या आधी वहिनींना सांगणं भाग होतं. मनालीने वाचून दाखवल्यावर त्यांना कळावं, असं मला नको होतं. फोन मनालीने घेतला. मी तिला थोडक्यात सांगितलं. ती फोन घेऊन बाहेर गेली. मग म्हणाली, "काका, आईला आत्ता नको. मी सांगेन नंतर, माझ्या पद्धतीने."

तुमचीच मुलगी. मला पुन्हा एकदा कुणाच्या तरी आड लपायला जागा मिळत होती. मी म्हणालो, "नको गं. आईकडे दे फोन. मीच सांगतो."

वहिनींना सगळं सांगितलं. स्टीलवूल, इंग्रजीतलं ते वाक्य, पुस्तकातली ओळ, तुम्ही ओढलेली रेघ. पाठीमागे कुणीतरी भांडी लावत होतं. माझं संपल्यावर त्या म्हणाल्या, "तेव्हा हे माका फोनार सांगी होते, आज माज्या हातसून एक मोठी वस्तू बिघडली."

तुम्ही घरीसुद्धा तेच सांगितलं होतं.

"चार दिवस जेवक नाय," त्या म्हणाल्या. "मी म्हटलंय, वय झाला, हात कापत आसतीत तुमचे. आता घराक येवा. हे म्हणाले, हो, कापतत थोडे. तेव्हापासून माका काळजी. मशीनवर काम, हात कापतत... रोज देवाकडे हात जोडी होतंय." मग त्यांनी विचारलं, "मगे तेंचे हात बरे होते?"

"हो, वहिनी."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत. त्या दिवशी सकाळीसुद्धा बारीक आट्यांचं काम करत होते, सुधीर सांगत होता."

मग त्या रडल्या. इतक्या दिवसांत माझ्याशी बोलताना पहिल्यांदा. मी फोन कानाला धरून उभा राहिलो. बऱ्याच वेळाने त्यांनी नाक ओढलं आणि म्हणाल्या, "तेवढा लिवा त्या पुस्तकात. बाकीचा तुमी काय लिवलास ता असू दे. तेवढा लिवा."

मी फोन ठेवला, तुमची प्रत पुन्हा उघडली, आणि माझ्या सहीच्या खाली जागा होती तिथे लिहिलं : गजानन मेस्त्री यांचे हात कधीही थरथरले नाहीत.